आधी ऊन बघा, मग रंग निवडा

चंद्रपुरात घर सजवायचं ठरलं की हल्ली सगळ्यात आधी फोन उघडला जातो. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे नवं घर बांधलेल्या जुन्या विद्यार्थिनी अजून घरी येतात, फोन पुढे करतात आणि विचारतात, ‘बाई, हॉलला असा रंग दिला तर?’ फोटोत पांढऱ्याशुभ्र भिंती असतात, फिकट सोफा असतो, जमिनीपासून छतापर्यंत काच असते आणि काचेतून आत आलेलं भरपूर ऊन असतं. घर सुंदरच असतं. पण ही धाटणी स्वीडन-डेन्मार्ककडची, आणि तिथे हिवाळ्यात दिवस काही तासांचाच असतो. तिथल्या माणसानं खिडकी मोठी केली आणि भिंत पांढरी ठेवली, कारण त्याला प्रकाशाचा एकेक कवडसा घरात ओढून आणायचा होता. आपल्याला तो दाराबाहेर थोपवायचा आहे. मे महिन्यात आपला पारा ४७-४८ अंशांना टेकतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं उन्हाळ्यात देशभरच्या बातम्यांत येतात ती तापमानामुळेच. म्हणून रंगाच्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असतं: तुझ्या घराची पश्चिमेची भिंत कोणती, आणि दुपारी चार वाजता ऊन कुठवर येतं, ते आधी सांग.

बहुतेकींना ते सांगता येत नाही. घर बांधून वर्ष झालेलं असतं, कर्ज काढलेलं असतं, छताला पीओपीचे नक्षीदार थर दिलेले असतात, पण चार वाजताचं ऊन कुणी पाहिलेलं नसतं, कारण त्या वेळी दारं-खिडक्या बंद आणि एसी चालू असतो. मला यात त्या मुलींचा दोष दिसत नाही. घराकडे बघायला त्यांना कुणी शिकवलंच नाही. आम्ही शिक्षकांनी मुलांकडून डोंगर, त्यामागे सूर्य आणि नदीकाठची झोपडी काढून घेतली. आपल्याच गल्लीतल्या घराची सावली कुठे पडते, हे काढायला सांगणारा तास अभ्यासक्रमात नव्हता.

माझं बालपण नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं, म्हणजे धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत. त्या घरात सजावटीसाठी म्हणून आणलेली वस्तू आठवत नाही. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, आणि पुढे सपरी. सपरीचं छप्पर इतकं खाली उतरलेलं की उंच माणसाला मान वाकवून आत यावं लागे. त्या वाकलेल्या छपरामुळेच भिंतीला कधी थेट ऊन लागत नसे. दिवाळीपूर्वी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या जायच्या आणि खाली हातभर रुंदीचा काळसर पट्टा ओढला जायचा. पावसाचे शिंतोडे आणि अंगणातला चिखल याच उंचीपर्यंत उडतो, म्हणून तो पट्टा. सारवलेल्या जमिनीवर आईच्या बोटांच्या अर्धगोल रेघा एकीला लागून एक अशा उमटलेल्या असायच्या, साऱ्या एका मापाच्या. कोपऱ्यात धानाची ढोली, बांबूची विणलेली आणि शेणामातीनं लिंपलेली. उन्हाळ्यात अंगणात बांबूचे खांब रोवून वर हिरव्या डहाळ्यांचा मांडव पडे आणि दुपारभर घरातली माणसं तिथे असत. त्या घरातली जी वस्तू डोळ्यांना बरी वाटायची, तिचं काहीतरी कामही असायचं.

याचा अर्थ आपण परत सारवणाकडे वळावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. ते सगळं बायकांच्या पाठीवर उभं होतं. शेण आणा, माती कालवा, वाकून सारवा, पुन्हा आठवड्यानं तेच. आमच्या घरात फरशी बसली त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला कुठल्याही जुन्या सौंदर्यापेक्षा मोठा वाटतो. रिसॉर्टच्या मातीच्या भिंतींचे फोटो काढणाऱ्या पाहुण्यांनी ती भिंत कोण लिंपतं आणि तिला किती मजुरी मिळते, हे विचारलं पाहिजे. जुन्या घरातून घ्यायची ती सावली घ्यावी, वाऱ्याची वाट घ्यावी, जाड भिंतीमागचा विचार घ्यावा. कष्ट तिथेच सोडावेत.

शहरातल्या घराला दुसरी एक अडचण आहे आणि चंद्रपूरकरांना ती सांगायला नको. दुर्गापूरच्या बाजूला २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी, रस्त्यावर कोळशाचे ट्रक. सकाळी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं की काळं होतं. पांढऱ्या सोफ्याचं या शहरात काय होणार, ते वेगळं सांगायला नको. पण या धुळीनं मला एक शिस्त लावली. इथे घरातली प्रत्येक वस्तू रोज नाही तरी दोन दिवसांआड हातात घेऊन पुसावी लागते. म्हणून मी तेवढ्याच वस्तू ठेवल्या, ज्या हातात घ्यायला मला आवडतात. शोकेस काढून टाकली. भेट म्हणून आलेले प्लॅस्टिकच्या फुलांचे गुच्छ, काचेचे हंस, घड्याळात बसवलेले धबधबे, सगळं वाटून टाकलं. जे उरलं त्याची ओळख मी सांगू शकते: हे कुठून आलं, कशाचं आहे, कुणी केलं. भान ठेवून जगणं असं ज्याला हल्ली म्हणतात, त्यासाठी डोळे मिटून बसावंच लागतं असं मला वाटत नाही. पुसण्याचं फडकं हातात असतानाही ते जमतं.

आता बांबूबद्दल बोलते, कारण चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत घराचं बोलायचं आणि बांबूचं नाही, असं होऊ शकत नाही. आपल्या जंगलात मुख्यतः दोन जाती, मानवेल आणि काटस. मानवेल बारीक, भरीव, लवचिक. सूप, टोपली, परडी, ताटवा, टट्टा, सगळं त्यातून होतं. बुरड बाया कोयत्यानं कांब उभी चिरतात, तिच्या कामट्या काढतात आणि पायाच्या अंगठ्यात टोक धरून विणायला बसतात. मी अशाच एका ताईंकडून दिव्यावर घालायचं झाकण विणून घेतलं. टोपलीचीच वीण, फक्त उलटी आणि विरळ. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर त्या विणीची जाळी पडते. पैसे देताना ताईंनी बजावलं, ‘पान्यानं पुसू नोका बाई, कोरड्या फडक्यानं झटकजा.’ दुकानातून आणलेल्या कुठल्याही शोभेच्या वस्तूसोबत इतका नेमका सल्ला मला मिळाला नव्हता.

बांबूला कीड लागते म्हणून लोक नाक मुरडतात. लागते, कारण बांबूत साखर-पिठूळपणा असतो आणि पोखरणारा भुंगा त्यावर जगतो. जुन्या माणसांनी यावर उपाय शोधले होते: पावसाळ्यात तोडायचा नाही, कोवळा तोडायचा नाही, तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे तो पिठूळपणा निघून जातो. आता बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आहे. मूल रस्त्यावर चिचपल्लीला राज्य सरकारचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, २०१४ मध्ये ते स्थापन करायचं ठरलं. फर्निचरपासून दागिन्यांपर्यंत बांबूच्या कामाचं शिक्षण तिथे मिळालं आणि मुली-बायका त्यातून उभ्या राहिल्या. चंद्रपुरातल्या नव्या बंगल्यांच्या गच्चीवर मात्र अजून प्लॅस्टिकचा ‘बांबू’ लावलेला दिसतो, हिरव्या रंगाच्या नळ्या आणि त्यांवर खोटी पेरं. चिचपल्ली इथून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत येतं. तरी ही प्लॅस्टिकची नक्कल पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

बांबूच्या या कामटीमागे फार मोठी गोष्ट आहे आणि ती प्रत्येक घरात माहीत असावी. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती, म्हणजे तो सरकारचा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला वर्षानुवर्षं जंगलातला बांबू ठेक्यानं जात राहिला, आणि त्याच जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला घराच्या कुडासाठी चार बांबू आणताना भीती वाटायची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. तिथे देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या अभ्यासू मित्रांसोबत, या हक्कासाठी प्रयत्न केले. २००९ मध्ये या गावाला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा म्हटल्यावर वाहतुकीचा परवाना कुणी द्यायचा, यावर अडलं. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं.

मेंढ्याची मला सर्वांत भावलेली गोष्ट त्यांची निर्णयाची रीत आहे. तिथे बहुमत चालत नाही. सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहायचं, अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. आपण चार माणसांच्या घरात नवीन कपाट कुठे ठेवायचं ते एकट्यानं ठरवतो आणि मग त्या कपाटाला स्वयंपाकघरातली बाई रोज अडखळते. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पलंगाची जागा ठरवली, असं किती घरांत होतं?

विचारून बांधण्याचं आणखी एक उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासींसाठी दवाखाना उभारायचा तेव्हा त्यांनी लोकांनाच विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले, आमच्या गावासारखा हवा, नातेवाइकांना राहायला झोपड्या हव्यात, आणि देवीचं नाव हवं. शोधग्रामचा माँ दंतेश्वरी दवाखाना तसा झाला, गावासारखा पसरलेला, रोग्याला आपलासा वाटेल असा. मोठ्या इस्पितळाच्या लांबच लांब गल्ल्यांत हरवणारा माणूस तिथे बिचकत नाही. आमच्या जिल्ह्यांत एवढा चांगला धडा समोर असताना आपण घराचा आराखडा इंदूर-हैदराबादच्या फ्लॅटवरून का उचलतो?

बांबूखेरीज इथे काय मिळतं, तेही सांगते. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघानं कुंभारकामाला नवं तंत्र दिलं. तिथल्या भाजलेल्या मातीच्या वस्तू पाहिल्या की आपल्या तांबड्या मातीचा रंग कुठल्याही भिंतीवर किती शोभतो ते कळतं. आरमोरी, नागभीड, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात ढिवर समाजाची कुटुंबं ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात. पाखरांपासून, मुंग्यांपासून त्यांची राखण करत दिवसच्या दिवस झाडाखाली बसतात. त्या रेशमाचा मूळ रंग मधासारखा असतो, त्याला रंगवायची गरजच पडत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात, बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वसवलेल्या त्या गावात, हातमागावरचं कापड विणलं जातं. आलापल्लीच्या सागवानाबद्दल मी काय सांगावं? अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये आपल्याच जंगलातलं सागवान गेलं, वाजतगाजत. आणि चंद्रपुरातल्या जुन्या घरांच्या सागवानी चौकटी, खांब, कडीपाटाचे पाट मात्र घर पाडताना भंगाराच्या भावात निघतात. मोठ्या शहरांतले व्यापारी ते उचलतात आणि तिथल्या हॉटेलांत ते शोभेला लागतात. ज्यांच्या घरी असं लाकूड असेल त्यांनी ते विकू नये. चौकटीचं मेज होतं, फळीचा झोपाळा होतो. आपल्याकडे हे करणारे सुतार अजून आहेत.

काही गोष्टी मात्र घरात आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक मृतांच्या आठवणीसाठी उभे दगड रोवतात, लाकडी खांब कोरतात. तशाच गावाच्या देवाच्या वस्तू असतात. त्यांची नक्कल करून हॉलच्या कोपऱ्यात ठेवायची आणि वर दिवा सोडायचा, हे बरोबर नाही. आपल्या वडिलांच्या श्राद्धाचं पान कुणी भिंतीवर सजावट म्हणून टांगलं तर आपल्याला चालेल का? आदिवासी बायांनी विकायला आणलेली टोपली घ्या, मण्यांची माळ घ्या, फणी घ्या. जे विकायला आणलेलं नाही ते मागू नका.

आणि घासाघीस करू नका. हे मी जरा जोरानं सांगते. जंगलातून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी इथे कुणीतरी जीव मुठीत धरून आत गेलेलं असतं. एप्रिलमध्ये मोह वेचायला बाया पहाटेच्या अंधारात निघतात, वाकून फुलं उचलतात, आणि वाकलेल्या माणसाकडे वाघ भक्ष्य म्हणून बघतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ताडोब्याच्या वाघाचं मोठं चित्र आता आपल्याकडे दर तिसऱ्या हॉलमध्ये लावलेलं असतं. मलाही वाघाचा अभिमान आहे. पण ते चित्र लावणाऱ्या घरातून बाहेर पडून गोल बाजारात सूप विकणाऱ्या बाईशी वीस रुपयांसाठी वाद घालताना मी लोकांना पाहिलं आहे, आणि ते मला सहन होत नाही.

आता घरकुलाचं. ही बाब सरकारी आहे, पण लाखो लोकांच्या घराचं रूप त्यावर ठरतं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घर किमान २५ चौरस मीटरचं. ते मिळालं म्हणून किती कुटुंबं पावसात सुखानं झोपतात, हे मी पाहिलं आहे, त्याचं मोल कमी नाही. तरी विटांच्या पातळ भिंती आणि वर टिना किंवा तापणारा स्लॅब असं घर आपल्या उन्हाळ्यात दुपारी राहण्याजोगं उरत नाही. लोक मग शेजारी जुनं कवेलूचं घर तसंच ठेवतात आणि दुपारी त्यात जाऊन बसतात. घरकुलाच्या आराखड्यात पश्चिमेला सपरी धरा, टिनाखाली बांबूच्या टट्ट्याचं छत धरा, भिंतीत वर झरोके सोडा. टट्ट्याचं काम त्याच गावातल्या किंवा शेजारच्या बुरडाला मिळेल. पंचायत समितीच्या अभियंत्यांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. बुरडांना सवलतीत द्यायचा हिरवा बांबू त्यांना वेळेवर आणि पुरेसा मिळाला पाहिजे, ही मागणी जुनी आहे. वाळलेल्या बांबूची कामटी निघत नाही, ती तुटते. डेपोत बांबू वाळत पडला आणि नंतर वाटला तर ती सवलत कागदावरच राहते.

आमच्या घरी मी पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून बांबूचे ताटवे लावले आहेत आणि मार्चअखेर त्यांच्या आत वाळ्याच्या ताट्या येतात. त्यांवर दुपारी पाणी मारलं की खोलीत वास पसरतो आणि कूलर उशिरा लावला तरी चालतं. भिंतींना मी फिकट मातकट रंग दिला, धूळ दिसू नये आणि डोळ्यांना चटका बसू नये म्हणून. विद्यार्थिनी येतात तेव्हा त्यांना आधी या खोलीत बसवते, मग त्यांच्या फोनमधला फोटो बघते. काही जणी ताटव्यांचं माप घेऊन जातात.

तुम्हालाही हे करायचं असेल तर उन्हाळा डोक्यावर येईपर्यंत थांबू नका. बांबूची तोड पावसाळा संपल्यावर सुरू होते आणि बुरडाला हिरवा माल हिवाळ्यात मिळतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्या गावातल्या बुरड मोहल्ल्यात जा, खिडकीचं माप द्या, निम्मे पैसे आगाऊ द्या, आणि होळीच्या आत ताटवे लावून घ्या.